मालन, थंड भोवरा

समुद्रातल्या भोवऱ्यांना माणसांची नावं द्यायची कल्पना मूळची कोणाची, यावर पुढे किनारी प्रवाह केंद्रात बरीच चर्चा झाली. खारेबंदरच्या बायकांना मात्र त्यात चर्चा करण्यासारखं काही वाटत नव्हतं. कल्पना त्यांची होती, आणि ती थट्टेतून निघाली होती.

आषाढ लागला होता. मासेमारी बंद होती. होड्या वाळूवर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवल्या होत्या आणि दर्या दिवसभर आपल्याशीच गुरगुरत होता. अशा दिवसांत गावातल्या बायका सुकवणीच्या शेडमध्ये जमत. पूर्वी मासळी उन्हात सुकायची आणि पावसाळ्यात काम बंद पडायचं. आता या शेडमध्ये बाराही महिने गरम वारा फिरे, खाडीतली सुंगटं, म्हणजे बारीक कोळंबी, तासाभरात कडकडीत होत. गावातली सगळ्यात कोरडी आणि उबदार जागा तीच. त्यामुळे काम असो नसो, बायका तिथेच असायच्या.

त्या दिवशी केंद्राच्या डॉक्टर निमिषा वाळिंबे आल्या होत्या. भिंतीवर त्यांनी समुद्राचा एक हलता नकाशा लावला होता. त्यात निळे आणि तांबडे ठिपके सावकाश गरगरत होते.

"किनाऱ्यावरून बघितलं की समुद्र सपाट दिसतो," त्या सांगत होत्या, "पण तो तसा नसतो. त्याला खळगे असतात, उंचवटे असतात. फरक चार-सहा बोटांचाच, पण कोसच्या कोस पसरलेला. पावसाळ्यात वारा सुटला की आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी दक्षिणेला वाहायला लागतं. वाटेत ते एखाद्या भूशिराला अडखळतं, नद्यांच्या गढूळ गोड्या पाण्याला घासतं. मग त्याचा एक तुकडा सुटतो आणि स्वतःभोवती फिरायला लागतो. तो भोवरा. घड्याळाच्या उलट फिरला तर मधलं पाणी बाहेर ढकललं जातं, मधे खळगा पडतो आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यात माशांचं खाद्य असतं. हा थंड भोवरा. सुलट फिरला तर पाणी मधे गोळा होतं, फुगतं. तो उबदार भोवरा. त्याच्या पोटात मासळी कमी."

"म्हंजे परातीत हात फिरवल्यार होता तसा," द्रौपदीकाकी म्हणाली. ती त्या सगळ्यांत वडील, आणि तिच्या तोंडाला बंदर घाबरायचं.

"अगदी तसंच काकी. फक्त परात फार मोठी."

"आणि हात कोणाचो?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "वाऱ्याचा. आणि थोडा पृथ्वीच्या फिरण्याचा."

मग त्यांनी नवा शोध सांगितला. पूर्वी ढग आले की वरून बघणाऱ्याला भोवरा दिसेनासा व्हायचा. पुन्हा दिसला तर तो तोच की दुसरा, हे सांगता यायचं नाही. आता केंद्राने पाण्याखालून फिरणारी पिवळी यंत्रं सोडली होती, माशासारखी, आपली आपण पोहणारी. ती पाण्याचा घोट घ्यायची आणि त्यातले सूक्ष्म जीव ओळखायची. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी या जिवांची वस्ती निराळी. भोवरा जिथे जन्मतो तिथलं पाणी पोटात घेऊनच तो चालत राहतो, पंधरा दिवस, महिना, कधी तीन महिने. त्यामुळे कारवारपुढे सापडलेला भोवरा मूळचा कुठला, हे आता छातीठोकपणे सांगता येत होतं.

"पण तुम्ही आमच्या बातमीपत्रावर रागावला आहात, असं मी ऐकलं," डॉक्टर म्हणाल्या.

राग खरा होता. केंद्राचं बातमीपत्र रोज सकाळ-दुपार प्रत्येक होडीच्या वायरलेसवर आणि प्रत्येक धक्क्यावरच्या भोंग्यातून ऐकू यायचं. ते एक यंत्र वाचायचं. भोवऱ्यांना आकडे होते. गेल्या हंगामात इथल्या एका होडीने 'तेवीस ब'च्या ऐवजी 'तेवीस ड' ऐकलं, भोवऱ्याच्या कडेच्या ओढीत सापडली आणि जाळी घालवून परत आली.

"आकडे नको असतील तर नावं द्या. प्रत्येक बंदराने आपापल्या भोवऱ्यांना द्यायची. कोणती देऊया?"

"सासवांची देवया!" द्रौपदीकाकी म्हणाली. "गरगर फिरतत आणि तावडीत गावलो त्येका सोडीत नायत."

शेड हसून हसून दमली. तेवढ्यात विलासिनी बोलली. ती सहसा चारचौघींत बोलायची नाही, म्हणून सगळ्या गप्प झाल्या.

"सासवांची नावा कशाक? ती घराच्या दारार आसत, होडयेर आसत. आमची खंय आसत?"

"तुजा तर रेशनकार्डार आसा," कोणीतरी म्हणाली.

"ता विलासिनी. ता ह्यांच्या घरातला. मी आमच्या म्हायेरच्या नावाचा सांगतंय."

त्या शेडमध्ये बसलेल्या प्रत्येकीचं नाव लग्नात बदललं होतं. मग द्रौपदीकाकी उठली, कोपऱ्यातल्या डब्यातून तांदूळ काढले आणि एका ताटात पसरले. लग्नात नवरा अंगठीने ताटातल्या तांदळांत बायकोचं नवं नाव लिहितो. द्रौपदीकाकीने आपलं बोट तांदळांत घातलं आणि सावकाश 'काशी' असं लिहिलं.

"बगा," ती म्हणाली. "साठ वर्षां होत इली, पण हात इसारलो नाय."

मग ताट फिरलं. प्रत्येकीने आपलं नाव लिहायचं, डॉक्टरीणबाईंनी त्याचा फोटो काढायचा, तांदूळ हलवायचे आणि ताट पुढे द्यायचं. कोणी हसत होती, कोणी नाकाला पदर लावत होती. विलासिनीपर्यंत ताट आलं तेव्हा तिने लिहिलं, 'मालन'.

हे नाव तिला चुकून मिळालं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिला आत्या नव्हती. म्हणून तिची आई म्हणाली, भावाला सांगू दे. बाबल तेव्हा सहा वर्षांचा. त्याला 'मालती' असं घोकून घोकून शिकवलं होतं. पाळण्यापाशी गेल्यावर तो गडबडला, बाळाच्या कानाला तोंड लावून त्याने 'कुर्रर्र' केलं आणि म्हणाला, 'मालन'. कानात गेलेलं नाव परत काढता येत नाही, तेव्हा तेच राहिलं. त्यानंतर वीस वर्षं माहेरच्या, पाटबंदरच्या धक्क्यावरून, माडांतून, खाडीच्या या काठावरून त्या काठावर बाबल तिला त्या नावाने हाका मारत राहिला.

लग्नात विलासने वडिलांच्या सांगण्याप्रमाणे, आपल्या नावाला जुळेल असं, तांदळांत 'विलासिनी' लिहिलं. तेव्हा बाबल भर मांडवात उठून उभा राहिला. "माज्या भयणीक नाव आसा. ता पुसूचा नाय." मोठ्या माणसांनी त्याला गप्प केलं. तो न जेवता निघून गेला, आणि जाताना म्हणाला, विलासिनी नावाचं माझं कोण नाही.

तरी महिन्याभराने त्याने फोन केला. फोन सासूने उचलला. "मालनीक दी," तो म्हणाला. सासू साधी बाई. तिने मनापासून सांगितलं, "हंय मालन म्हणान कोण नाय. राँग नंबर." आणि फोन ठेवला. विलासिनीला हे चार दिवसांनी भाकऱ्या थापताना कळलं, तेही सहज, इकडच्या तिकडच्या गजालीत. ती वाट बघत राहिली की तो पुन्हा करील. तो वाट बघत राहिला की ती करील. मग मूल झालं, मग दुसरं झालं, आणि मग इतके दिवस गेल्याचीच लाज वाटू लागली. आई वारली तेव्हा ती पाटबंदरला गेली होती. बाबलने तिच्याकडे बघितलं आणि आपल्या बायकोला म्हणाला, "ह्यांका च्या दी." सख्ख्या बहिणीला तो 'ह्यांका' म्हणाला, परक्या पाहुणीला म्हणावं तसं. विलासिनी तो चहा प्यायली होती. त्याची चव तिला अजून आठवत होती.

आता तिच्या माहेरात तोच एक उरला होता. तो गेला की ते नाव घेऊन हाक मारणारं जगात कोणी राहणार नव्हतं. तिला दुसरं काही नको होतं. त्याच्या तोंडून एकदा ती हाक ऐकायची होती.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या. एका सकाळी धक्क्यावरचा भोंगा खरखरला.

"मालन. थंड भोवरा. जन्म खारेबंदर. मुक्काम खारेबंदरच्या नैर्ऋत्येस. फिरण्याची दिशा उलटी. दक्षिण कडेला ओढ जोरदार, जाळी टाकू नयेत. मध्यभागी मासळीची शक्यता चांगली."

यंत्राचा आवाज बाईचा होता आणि उच्चार पुण्याच्या जावयाने मालवणी बोलावं तसे. विलास पडवीत गुडघ्याला तेल चोळत बसला होता. तो एकेकाळी होडीचा तांडेल, गुडघा गेल्यापासून घरी. त्याचा हात थांबला.

"मालन म्हंजे तूच मा गो?"

"तुमका ठावक आसा?"

"लग्नाच्या आधी पत्रिकेत वाचललंय." त्याने तेलाची वाटी उचलली. "त्यादिवशी मी अंगठी घेवन तांदळात लिवलंय, तेवा तुका इचारूक होया होता. माका सुचलाच नाय. बापाशीन सांगल्यान, मी लिवलंय. कागदार सही करतंत तशी."

विलासिनीने तेलाची वाटी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः गुडघा चोळायला लागली.

"आता मी तुका मालन म्हणू?" त्याने विचारलं.

तिने विचार केला. "नको. तुमच्या तोंडात विलासिनीच बरा दिसता. त्या नावान मी इतको संसार केलंय. ता पण माजाच आसा."

"मग ह्या नाव कोणाक?"

ती गुडघा चोळत राहिली. पण विलासला उत्तर कळलं. मांडवातून न जेवता गेलेला माणूस त्यालाही आठवत होता.

पुढले काही दिवस अख्ख्या किनाऱ्यावर मालनचीच गजाल चालली. वायरलेसवर कोणी ओरडायचा, "मालनीत बांगडो फुटलो रे! लवकर ये!" कोणी म्हणायचा, "मालन आज रागान आसा, कडेक जाव नको." विलासिनी ते ऐकून लाजायची, मग स्वतःच्या लाजण्यावर चिडायची. पाण्याला कसली लाज? फोनवर भोवऱ्याचा नकाशा ती दिवसातून कितीदा बघायची, ते तिचं तिलाच ठाऊक. निळा गोळा उलटा फिरत होता आणि रोज जरा जरा खाली सरकत होता. खाली म्हणजे दक्षिणेला. दक्षिणेला पाटबंदर होतं.

हे सगळ्यात आधी द्रौपदीकाकीच्या लक्षात आलं. "अगो," ती शेडच्या दारातूनच ओरडली, "तुजी मालन म्हायेराक चल्ली!"

बायकांना तेवढंच हवं होतं. मालनने वाटेत काय काय नेलं असेल, तिच्या ओटीत किती बांगडे, माहेरी गेल्यावर ती किती दिवस राहील, सासरचं बोलावणं आलं तर जाईल का, अशी दिवसभर थट्टा चालली. विलासिनीही हसली. पण घरी आल्यावर विलास म्हणाला, "चल, आपण पण जावन येवया. रिक्षान तरीच्या धक्क्यापर्यंत, पलीकडे बस," तेव्हा तिचं हसू मावळलं.

"जावन काय सांगू? विलासिनी इली म्हणान? त्या नावाचा तेचा कोण नाय. तेनाच सांगल्यान."

"तेका पण वरसां झाली."

"तो बोलाक इसारता, पण बोललेला इसरणा नाय. आमच्या घरातली सवय ती."

"आणि तू?"

"मी पण त्याच घरातली."

तिकडे समुद्रात भोवरा सरकतच होता. मालन पाटबंदरसमोर पोचली आणि तिथेच रेंगाळली. बातमीपत्रात रोज दोन्ही गावांची नावं एका वाक्यात येऊ लागली. "खारेबंदरची मालन. मुक्काम पाटबंदर." विलासिनी रोज कान देऊन ऐकायची. तिकडच्या धक्क्यावर हेच वाक्य, याच वेळी, कोणाच्या कानांवर पडत असेल याचा विचार करायची. बाबलची नजर आताशा अधू झाली होती, तो होडीवर जात नव्हता, धक्क्यावर बसून जाळी विणायचा, एवढं तिला इकडून तिकडून समजलं होतं. म्हणजे तो ऐकतच असणार. पण फोन आला नाही.

फोन आला तो डॉक्टर वाळिंब्यांचा.

"काकू, एक सांगायचं होतं. बातमीपत्रात येण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटलं. बाहेरून एक मोठा थंड भोवरा येतोय. 'दर्यादौलत' नावाचा. उत्तरेकडच्या एका बंदराने आपल्या होड्यांची नावं दिली आहेत, त्यातला. दोन भोवरे एकाच दिशेने फिरत असले आणि जवळ आले की एकमेकांभोवती फिरायला लागतात, आणि शेवटी एक होतात. मालन त्याच्यात जाईल, बहुतेक परवा-तेरवा."

"मगे नाव?"

"आमचा नियम असा आहे की मोठ्याचं नाव राहतं. लहानाचं बंद होतं."

फोनचा आवाज मोठा होता आणि शेडमध्ये सगळ्या ऐकत होत्या. द्रौपदीकाकीने फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"म्हंजे ह्या परत लगीनच झाला! दर्यादौलतीचा नाव रवता आणि आमच्या चेडवाचा पुसतंत? नियम केल्यान कोणी? पुरुष आसतलो कोणतरी."



"मीच केला, काकी," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा मला तो नुसता हिशेबाचा नियम वाटला होता."

द्रौपदीकाकीने फोन विलासिनीला परत दिला. "जेवलंस काय इचार तिका," ती पुटपुटली. "आवाज बारीक झालो तिचो."

सांगितल्याप्रमाणेच झालं. नकाशावर दोन निळे गोळे एकमेकांभोवती फिरले, लहान गोळ्याला शेपटी फुटली, ती मोठ्यात ओढली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा बोलला.

"खारेबंदरची मालन संपली."

मग यंत्राने नेहमीसारखा थोडा श्वास घेतला. म्हणजे श्वास घेतल्यासारखं केलं.

"त्या जागी आता दर्यादौलत आहे. ओढ साधारण."

"शिरा पडली त्या मशिनीच्या तोंडार," धक्क्यावर द्रौपदीकाकी म्हणाली. पण आज कोणी हसलं नाही.

विलासिनी घरी आली आणि काम नसताना भांडी घासायला बसली. तिला वाटलं होतं, नाव बातमीपत्रातून गेलं की निदान रोज दोनदा छातीत धडधडणं तरी थांबेल. तसं काही झालं नाही. मालन तिथे होती तोवर, आपल्या जागी कोणीतरी पाटबंदरला जाऊन बसलंय असं तिला वाटत होतं. तिने मनात सगळं त्या पाण्यावर सोपवलं होतं. पाणी तिथे जाईल, पाणी थांबेल, बाबलच्या कानांशी पाणीच बोलेल. आता तेही नव्हतं. आता जे काय करायचं ते तिलाच करावं लागणार होतं.

भांडी घासून व्हायच्या आत पुन्हा फोन वाजला. डॉक्टर वाळिंबे धापा टाकत बोलत होत्या, जिना चढून आल्यासारख्या.

"काकू, मालन संपली नाही. आमचं पिवळं यंत्र दर्यादौलतच्या मधोमध खाली गेलं होतं. वर सगळं पाणी दर्यादौलतचं. पण चाळीस मीटरच्या खाली आमच्या पडद्यावर तुमच्या खाडीचे जीव दिसायला लागले. ते विखुरलेले नाहीत. एका जागी आहेत, गोळा होऊन, आणि ते पाणी अजून आपल्याच गतीने फिरतंय. मालन जड होती, थंड होती. तिला गिळलं नाही कोणी. ती मोठ्याच्या खाली सरकली. आम्ही वरूनच बघत होतो, म्हणून आम्हाला ती गेल्यासारखी वाटली."

"किती दिवस रवात अशी?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. आम्ही हे आजच बघतोय. पण त्या पाण्यात प्राणवायू कमी आहे, तिथे खोल जाळी टाकून उपयोग नाही, हे होड्यांना सांगायला हवं. त्यासाठी नाव लागेल. जुनंच ठेवू की नवं देऊ? ते तुम्ही ठरवायचं."

"ता आसा तर नवा कशाक?" विलासिनी म्हणाली. "मालनच म्हणा. पण एक सांगू, बाय? ती आसता तेवा 'संपली' म्हणू नकात. बगल्याशिवाय म्हणू नकात."

"नाही म्हणणार," डॉक्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझी आई माहेरची कोण होती, ते मला काल विचारून घ्यावं लागलं, काकू."

फोन ठेवून विलासिनी उठली. हात पुसले, दुसरं पातळ नेसली. विलास दारातून बघत होता.

"खंय?"

"पाटबंदराक."

"आणि काय म्हणान जातलंस?"

"तो म्हणात ता," ती म्हणाली. "ह्यांका च्या दी म्हणालो, तर च्या पियान येतलंय. पण जातंय."

त्याने खुंटीवरची स्कूटरची चावी काढली. गुडघा वाकत नव्हता, तरी त्याने स्कूटर काढली.

खाडीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून खाडी ओलांडायची जुनी तर, ती सपाट होडी, पुन्हा सुरू झाली होती. आता ती विजेवर चालायची, आवाज न करता. ते धक्क्यावर पोचले तेव्हा ती पलीकडून निघाली होती. पाऊस थांबला होता. खाडीचं पाणी तांबडं आणि भरलेलं होतं. तरीवर पंधरा-वीस माणसं, दोन मोटरसायकली, टोपल्या. सगळ्यात पुढे, जिथे उभं राहू नका म्हणून लिहिलेलं असतं तिथेच, एक म्हातारा माणूस मिटलेली छत्री काठीसारखी टेकून उभा होता.

विलासिनीने आधी त्याची उभं राहण्याची पद्धत ओळखली, मग त्याला ओळखलं.

त्याने कपाळावर हात धरला आणि काठाकडे निरखून बघितलं. नजर अधू, त्याला किती दिसलं कोणास ठाऊक. बाईमाणूस एवढं दिसलं असेल. शेजारी लंगडा पुरुष. तर अजून मध्यावर होती.

"मालन!"

हाक पाण्यावरून आली, लांब, शेवटी उंच चढलेली, माडांतून मारायचा तशीच. तरीवरच्या माणसांनी दचकून समुद्राकडे माना वळवल्या. त्यांच्या लेखी मालन म्हणजे भोवरा, आणि तो खाडीच्या तोंडापर्यंत आला की काय, असं त्यांना वाटलं.

विलासिनी दोन पावलं पाण्याकडे गेली आणि थांबली. तो हात कपाळावर धरून तसाच उभा होता. आपण चुकलो, ही दुसरीच कोणी, असं त्याला वाटत असावं, कारण पुढची हाक बारीक आली. शेवटी चढली नाही.

"मालन...?"

"ओ दी गो," विलास हळूच म्हणाला.

"ओ!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने ती कितीतरी वर्षांत ओरडली नव्हती. "ओ, दादा! हंय आसंय!"

तर काठाला लागली. बाबल कोणाचा हात न धरता उतरला, तिच्यासमोर आला आणि छत्रीकडे बघत उभा राहिला. शेवटी विलासच बोलला. बोलण्यात थोडी भीती होती.

"बाबलदादा, ता भोवऱ्याचा नाव हा. मशीन म्हणाली ता..."

"माका काय येडो समाजलात?" बाबल म्हणाला. "महिनाभर आयकतंय मी. भोवरो तो, माका ठावक. धक्क्यार बसान रोज आयकी होतंय. आमच्या हडे समोरच होती मा ती." त्याने पहिल्यांदा बहिणीकडे बघितलं. "आज म्हणाली, खारेबंदरची मालन संपली. त्या एका वाक्यात माका काय्येक कळला नाय. दुसऱ्या वाक्यात कळला, भोवऱ्याचाच सांगता. पण तवसर मी उठललंय. आणि एकदा उठल्यार परत बसाक येय ना."

विलासिनीने त्याच्याकडे बघितलं. घाईत त्याने शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. एक टोक वर, एक खाली.

"सरळ उबो रव," ती म्हणाली, आणि धक्क्यावर सगळ्यांसमोर त्याची बटणं सोडून पुन्हा नीट लावायला लागली.